काजळीची ऊब

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा हमरस्ता कात्रजचा डोंगर ओलांडून, खेड-शिवापूर मागे टाकून चेलाडी फाट्याशी येतो. तेथे पश्चिमेस वळले म्हणजे थोड्याच अंतरावर नसरापूरची पेठ लागते, आणि तीच वाट पुढे राजगड-तोरण्याच्या कुशीतल्या वेल्हे मुलखात शिरते. डोंगरातल्या माणसास बाजाराचे, बँकेचे अथवा दवाखान्याचे काम निघाले म्हणजे तो या पेठेत उतरतो, आणि उतरला म्हणजे कोणत्या ना कोणत्या कागदाची प्रत काढण्याचा प्रसंग त्याजवर येतोच. गेल्या श्रावणात पावसाची सर चुकविण्याकरिता मी वेल्ह्याच्या रस्त्यावरील एका झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभा होतो. माझ्यापुढे डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेतलेले एक वृद्ध शेतकरी होते. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबाऱ्याचा उतारा दोन बोटांनी जपून बाहेर काढला, दुकानातल्या मुलाच्या हाती दिला आणि नजर मात्र समोर उभ्या राहिलेल्या एस.टी.वर खिळवून ठेवली.

"झालं का रं पोरा?"

"थांबा आबा, मशीन गरम होतंय."

मुलाने कळ दाबली तशी दुकानातल्या दिव्याचा उजेड क्षणभर मंद झाला, यंत्राच्या पोटात पंखा घरघरू लागला, हिरवा दिवा उघडमीट करीत राहिला, आणि अर्ध्या मिनिटाने जो कागद बाहेर आला तो हातास भाकरीसारखा ऊन लागत होता. एवढ्या वेळात एस.टी. सुटली नाही हे आबांचे सुदैव. परंतु ते अर्धे मिनिट माझ्या मनातून गेले नाही. अक्षरास ऊब का लागते, ती केव्हापासून लागू लागली, आणि ती वाचविण्याकरिता यंत्रास निजवून ठेवले म्हणजे त्या निजेचा खर्च कोणाच्या नावे पडतो, या प्रश्नांचा माग काढावयास नसरापुराइतके योग्य ठिकाण मला दुसरे सुचत नाही. कारण हा सारा मुलूखच मुळी कागदाच्या कारभारातून उभा राहिलेला आहे.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, फारसी हुद्द्यांना संस्कृत नावे देण्यात आली, त्यांत सुरनीस या हुद्द्याचे नाव सचिव असे झाले. राजपत्रे तपासावी, अक्षर अधिक-उणे झाले असल्यास शुद्ध करावे, महाल-परगण्यांच्या हिशेबांचा शोध घ्यावा, हे सचिवाचे काम. अण्णाजी दत्तो यांनी ते पद सांभाळले. पुढे राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात शंकराजी नारायण गांडेकर यांजकडे सचिवपद आले आणि १६९७ च्या सुमारास त्यांच्याच घराण्याकडे या मावळपट्टीचा अधिकार येऊन भोर संस्थानचा पाया घातला गेला. अन्य संस्थानांच्या मुळाशी तरवार असेल, जहागीर असेल. भोरच्या पंतसचिवांच्या मुळाशी मात्र लेखणीची तपासणी आहे, आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत राज्यकर्त्याच्या नावामागे दप्तराच्या हुद्द्याचेच बिरुद राहिले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

त्या दप्तरातील लेखनसाहित्य कोणते होते ते पाहू. बोरू तासून टोक छाटलेला. कागद जुन्नरी किंवा दौलताबादी, खळ देऊन आणि दगडाने घोटून गुळगुळीत केलेला. आणि शाई म्हणजे तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी, डिंकाच्या पाण्यात दिवसचे दिवस खललेली. या शाईस आपल्याकडे रोशनाई हा शब्द रूढ झाला, आणि तो ज्या फारसी शब्दावरून आला त्याचा अर्थ उजेड. दिव्याचा उजेड आणि दिव्याची काजळी ही एकाच ज्योतीची दोन अपत्ये, त्यांपैकी एकाने कारकुनास दिसावे आणि दुसरीने त्याने लिहावे, असा तो संसार होता. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्वाळेचे काम काजळी धरण्यापाशीच संपत असे. प्रत्यक्ष लिहिताना अग्नीची गरज नव्हती. काजळीचा कण कागदास धरून ठेवण्याचे काम डिंक करी, डिंकातले पाणी वारा उडवून नेई, आणि घाई असल्यास कारकून वर बारीक वाळू भुरभुरून कागद झाडून टाकी. बोरू खाली ठेवला की खर्च थांबला. उचलला की लेखन त्याच क्षणी सुरू. लेखणीस निद्रा नव्हती म्हणून जागे होण्याचा विलंबही नव्हता. मोडी लिपीच्या घडणीत हात न उचलता ओळ पुढे नेण्याची जी सोय आहे, तीतही वाचविलेली वस्तू एकच: माणसाचा वेळ.

अग्नीने अक्षर पक्के करण्याची रीत आपल्याकडे नव्हती असे मात्र नव्हे. नसरापूरच्या जवळच गर्द झाडीत बनेश्वराचे देवालय आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास बांधविलेल्या त्या देवळात एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, ती चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आली असे सांगतात, आणि तिच्या अंगावर १६८३ हा आकडा स्पष्ट उमटलेला आहे. मी त्या आकड्यावरून बोट फिरवून पाहिले आहे. धातू वितळवून ओतताना बसलेला तो आकडा साडेतीनशे वर्षांच्या जवळ येऊन पोहोचला तरी त्याची कड मोडलेली नाही. वितळवून अक्षर बसविणे हा असा, देवास किंवा काळास उद्देशून करावयाचा खटाटोप होता. रोजच्या चिठ्ठीचपाटीस कोणी भट्टी पेटवीत नसे.

इंग्रजी अमदानीत आणि तिच्यानंतर प्रती काढण्याची जी साधने आली त्यांनीही हा नेम मोडला नाही. टंकयंत्र बोटांच्या जोरावर चाले, आणि गोदरेज कंपनीने १९५५ साली देशी टंकयंत्र बनविल्यावर तर ते तालुक्याच्या कचेरीत आणि वकिलांच्या ओसरीवर सर्वत्र दिसू लागले. कार्बनचा निळा कागद घालून एका ठोक्यात चार प्रती निघत. गेस्टेटनरचे चक्रमुद्रण, ज्यास कचेरीत सर्वजण सायक्लोस्टाइल म्हणत, ते हाताने फिरविण्याच्या दांड्यावर चाले, आणि शाळेच्या प्रश्नपत्रिकांना येणारा त्याच्या शाईचा वास माझ्या पिढीस अद्याप आठवतो. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने संपून गावचे दप्तर तलाठ्याकडे गेले, तेव्हाही सातबाऱ्याची नक्कल म्हणजे तलाठ्याच्या हाताने उतरून दिलेला कागदच होता. नक्कल मिळावयास आठ दिवस लागोत, पण वीज लागत नव्हती.

अक्षरास उष्णतेची गरज पडली ती एका फार वेगळ्या शोधामुळे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागातील एका खोलीत चेस्टर कार्लसन यांनी, ओटो कोर्नाई या सहायकाच्या साह्याने, गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर रुमाल घासून विद्युत्भार निर्माण केला, काचेवर लिहिलेली तारीख त्यावर धरून दिव्याचा प्रकाश पाडला, आणि वर बारीक भुकटी टाकून फुंकर मारली तेव्हा जेथे भार शिल्लक होता तेथेच भुकटी चिकटून अक्षरे दिसू लागली. ती अक्षरे त्यांनी मेणकागदावर घेतली आणि मेण तापवून कायम केली. म्हणजे या विद्येच्या जन्मक्षणीच तापविणे आले. पुढे १९५९ साली झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात आले, आणि त्याच्या पोटातील उष्णतेने कागद कधीकधी पेट घेई, म्हणून त्यासोबत आग विझविण्याचे लहान उपकरणही देण्यात येई. गॅरी स्टार्कवेदर यांनी त्याच तत्त्वास लेझर किरणाची जोड दिली आणि १९८४ पासून मेजावर मावेल असा लेझर प्रिंटर कचेऱ्यांत येऊ लागला.

या यंत्रातील टोनर म्हणजे बहुतांशी प्लॅस्टिकची भुकटी आणि तीत मिसळलेले कार्बनचे काळे कण. जुन्या दप्तरातील काजळी येथे पुन्हा भेटते. बदलला तो डिंक. पाण्यात विरघळणाऱ्या आणि वाऱ्याने वाळणाऱ्या डिंकाच्या जागी उष्णतेने वितळणारे प्लॅस्टिक आले, आणि त्याबरोबर वाऱ्याचे काम विजेवर पडले. भुकटी कागदावर येऊन बसते तेव्हा ती बोटाने पुसली जाईल इतकी सैल असते. मग तो कागद दोन रुळांमधून जातो. त्यांपैकी एक आतून तापविलेला, सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसवर असतो, दुसरा त्यास दाबून धरतो. निमिषार्धात प्लॅस्टिक वितळून कागदाच्या तंतूंत रुतते. या भागास फ्यूजर म्हणतात, आणि लेझर प्रिंटरच्या विजेचा मोठा वाटा यावरच खर्च होतो. टोनरची ही प्रकृती ज्यास पाहावयाची असेल त्याने घरातील जुनी प्रमाणपत्रे प्लॅस्टिकच्या कव्हरातून काढून पाहावी: कित्येक वर्षांनी झेरॉक्सची अक्षरे कागद सोडून कव्हरासच चिकटलेली आढळतात, कारण त्या कव्हरातील मऊपणा आणणारे द्रव्य टोनरलाही मऊ करते. बोरूच्या शाईने कागद असा कधी सोडला नाही.

पहिल्या पिढीतील फ्यूजरचा रूळ जाड अॅल्युमिनियमचा, आत हॅलोजनची नळी. तो तापावयास मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ घेई, आणि म्हणून कचेरीत सकाळी यंत्र सुरू केले की दिवस मावळेपर्यंत तो रूळ तापलेलाच ठेवण्याचा रिवाज पडला. छपाई असो वा नसो, थोड्याथोड्या वेळाने नळी पेटे आणि उतरलेली उष्णता भरून काढी. उघड्या खिडकीच्या खोलीत दिवसभर शेगडी फुलवून ठेवावी, आणि तीवर चहाचे आधण मात्र दिवसातून चारदा पडावे, तशातला हा प्रकार.

या अपव्ययाकडे शासकीय दृष्टी वळली ती अमेरिकेत. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये संगणकांकरिता एनर्जी स्टार ही खूण सुरू केली, पुढल्याच वर्षी प्रिंटर तीत आले, आणि सरकारी कचेऱ्यांनी हीच उपकरणे घ्यावी अशी आज्ञाही १९९३ मध्ये निघाली. ठरावीक वेळ काम न आल्यास यंत्राने आपण होऊन निद्रावस्थेत जावे, ही अट त्या खुणेच्या मुळाशी होती. मग युरोपने कायदा करून रिकाम्या अवस्थेतील उपकरणांवर आधी १ वॉटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा घातली. आपल्याकडे २००१ च्या ऊर्जा संरक्षण कायद्यान्वये ऊर्जा दक्षता ब्यूरो १ मार्च २००२ रोजी स्थापन झाला, आणि कचेरीतील छपाईयंत्रेही पुढे त्याच्या ऐच्छिक तारांकनाच्या यादीत आली.

परंतु नसरापुरास विजेची काटकसर शिकविण्याकरिता कोणत्याही तारांकनाची गरज नव्हती. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे विस्तीर्ण धरण आहे, ज्यास पूर्वी लॉइड धरण म्हणत आणि आता येसाजी कंक जलाशय म्हणतात. त्याच्या पायथ्याशी १६ मेगावॉटचे वीजघरही आहे, पण त्याचे पाणी मुळात नीरेच्या कालव्यांकरिता सुटते आणि वीज त्या पाण्याच्या मागोमाग येते. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, त्यानंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांनी जे भारनियमन सोसले ते ज्यांनी अनुभवले त्यांस वेगळे सांगावयास नको. पुणे शहराने आपल्यापुरती वेगळी व्यवस्था लावून घेतली होती. शहराबाहेरच्या गावांस मात्र पंखा, पिठाची गिरणी आणि पाण्याची मोटर यांचे वेळापत्रक फळ्यावर लिहून ठेवावे लागे.

त्या दिवसांत लेझर यंत्राची खरी अडचण उघडी पडली. इन्व्हर्टरवर संगणक चाले, दिवा चाले, पंखा चाले. फ्यूजर चालत नसे. रूळ तापविताना यंत्र एकाएकी आठशे-हजार वॉटांची ओढ घेते आणि लहान इन्व्हर्टर किंवा यूपीएस त्या ओढीने बंद पडतो, म्हणून जाणता मेकॅनिक प्रिंटरची पिन त्या सॉकेटात कधीच लावू देत नाही. वीज परत आली की पुन्हा थंड रूळ, पुन्हा तापविणे. दिवसातून चार वेळा वीज गेली तर चार वेळा. म्हणूनच बँकांत, पतसंस्थांत आणि सरकारी दप्तरांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर इतका दीर्घायुषी ठरला. सुया फितीवर आपटून अक्षर उमटविणारे ते यंत्र कर्कश खरे, परंतु त्यास ऊब लागत नाही, ते इन्व्हर्टरवर निमूट चालते, आणि कार्बन घातल्यास एकदम तीन प्रती काढते. शहरातल्या लोकांनी त्यास मागासलेले म्हटले, हा मला त्या यंत्रावर अन्याय वाटतो. ते बोरूच्या आणि टंकयंत्राच्या वंशातले होते आणि या मुलखाच्या विजेशी जुळवून घेणारे होते.

आता निद्रेचा हिशेब मांडू. समजा, दुकान दहा तास उघडे आहे, यंत्र जुन्या घडणीचे आहे, तयार अवस्थेत ते सरासरी ८० वॉट घेते आणि निद्रेत ४. प्रत्यक्ष छपाई सारी मिळून अर्धा तास. उरलेले साडेनऊ तास जागे ठेवल्यास सुमारे पाऊण युनिट जळेल, निजविल्यास नगण्य. पण प्रत्येक जागृतीस ८०० वॉट अर्धा मिनिट, म्हणजे सहा-सात वॉट-तास पडतात; वीस वेळा जागे व्हावे लागले तर तो खर्च वजा जाऊनही दिवसास जवळजवळ सहा दशांश युनिट शिल्लक राहते, आणि वर्षाच्या ३०० दिवसांत पावणेदोनशे युनिट. ही एक बाजू. दुसऱ्या बाजूस वीस वेळा अर्धे मिनिट, म्हणजे दिवसास दहा मिनिटे आणि वर्षास पन्नास तास माणसे काउंटरपाशी उभी राहतात. याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते: दुसरे गिऱ्हाईक पाच मिनिटांच्या आत येणार असेल तर यंत्र जागे ठेवणेच स्वस्त, त्याहून उशिरा येणार असेल तर निजविणे स्वस्त. निद्रेची मुदत ठरविण्यामागे एवढेच गणित आहे, आणि ते कारखान्यात बसून सोडविता येत नाही, कारण नसरापूरच्या पेठेत बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक मिनिटाला येते आणि आषाढातल्या झडीच्या दुपारी तासाला.

तसेच या हिशेबातल्या दोन रकमा एका खात्यावर पडत नाहीत. वाचलेल्या विजेचे देयक दुकानदाराचे किंवा कचेरीचे. गेलेले अर्धे मिनिट आबांचे. मोठ्या कचेरीत जेथे शंभर माणसे एका यंत्रावर छापतात तेथे हा भेद जाणवत नाही. पण ज्याची एस.टी. सुटली म्हणजे पुढची दीड-दोन तासांनी आहे, त्याच्या अर्ध्या मिनिटाचे मोल इतरांच्या अर्ध्या मिनिटाइतके धरणे मला न्याय्य वाटत नाही. म्हणून यंत्रविद्येतील ज्या सुधारणेचे मी मनापासून स्वागत करतो ती निद्रेची नव्हे, जागे होण्याची आहे. १९९० च्या दशकात जाड रुळाच्या जागी कागदाहून फार जाड नसलेली नळीदार फिल्म आणि तिच्या आत चिंचोळी सिरॅमिकची तापणारी पट्टी, अशी रचना लहान प्रिंटरांत रुळली. तापवावयाचा पदार्थच इतका थोडा की तो काही सेकंदांत तापतो, आणि म्हणून यंत्र निश्चिंतपणे निजू शकते. टोनरही कमी उष्णतेवर वितळणारा निघाला. या रचनेची किंमत अशी की ती फिल्म नाजूक असते. स्टेपलची पिन अडकलेला एखादा कागद आत गेला तर ती फाटते, आणि तिच्या बदलीचा खर्च कित्येक महिन्यांच्या वाचलेल्या विजेहून अधिक भरतो.

मावळातल्या पावसाने यात एक निराळी अडचण घातली आहे, जिचा विचार दूरदेशीच्या खुणांत फारसा नाही. वेल्ह्याच्या बाजूस चार महिने हवेत जो ओलावा असतो त्याने रीममधील कागद मऊ पडतो, वळतो, रुळात अडकतो, आणि ओल्या कागदावर टोनर नीट वितळत नाही. बोटाने खरवडला तर सुटून येतो. दिवसभर तापलेले जुने यंत्र स्वतःच्या उबेने कागदाचा ट्रे कोरडा राखी, तो गुण निजलेल्या यंत्रात नाही. मोठ्या यंत्रांत याकरिता ट्रेखाली लहानसा हीटर बसविलेला असतो, आणि तो यंत्र बंद असतानाही वीज घेत राहतो. एका हाताने वाचविलेले दुसऱ्या हाताने द्यावे लागते ते असे.

कागदाबद्दल एक गोष्ट राहिली. एक पान छापावयास जेवढी ऊर्जा लागते त्याच्या कित्येक पट ते पान गिरणीत बनविण्यास लागते. तेव्हा यंत्र निजविण्यापेक्षा पानाच्या दोन्ही बाजू छापण्याने अधिक वाचते. पेशवे दप्तरातील मोडी कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ठाऊक आहे की, मजकूर कडेपर्यंत जाई, पुष्कळदा मागील बाजूवरही उतरे, आणि जुने कागद रुमालात बांधून शतकानुशतके टिकले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, त्याने तलाठ्याकडील खेप वाचली हे खरेच. परंतु पतसंस्थेच्या मेजापलीकडचा कारकून अजून कागद मागतो, आणि दुसरी बाजू कोरी असलेलाच मागतो.

पाऊस थांबेपर्यंत मी त्या मुलाशी बोलत राहिलो. यंत्राची निद्रेची मुदत कारखान्यातून आली तशी ठेवली आहेस काय, असे विचारता तो म्हणाला, "नाही, सकाळी दहा ते बारा मी ती बंदच ठेवतो, वेल्ह्याच्या गाड्या तेव्हा येतात. दुपारी पाच मिनिटांवर लावतो." आणि शाळेची पोरे आली तर त्यांस बाकावर बसवून, पाचसहा जण जमले की सर्वांचे अर्ज एकदम काढतो, घाईचे माणूस असेल त्यास आधी सोडतो. आबांकडून त्याने प्रतीचे पैसे घेतले, ओल्या हातास ऊन कागद चिकटू नये म्हणून तो वहीच्या दोन पानांत क्षणभर दाबून थंड केला, आणि मूळ उताऱ्यासह घडी घालून त्यांच्या पिशवीत ठेवून दिला.